स्वतंत्र अध्यक्ष नेमणे आहे

विषय

त्या वर्षी देशात चारशे बारा प्रभारी अधिकारी होते. ज्याची नेमणूक सहा महिन्यांसाठी होते आणि सहा महिने संपतात त्या दिवशी दुपारी पुन्हा सहा महिन्यांसाठी होते, त्याला प्रभारी म्हणतात. राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक प्रभारी होते. धरणांचे मुख्य अभियंता प्रभारी होते. राजधानीतल्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख नऊ वर्षे प्रभारी होते. त्यांच्या कारकिर्दीत जन्मलेल्या पाणघोड्याचे नाव कायम नोंदवहीत चढले, त्यांचे चढले नाही.

राज्यकारभाराला ही पद्धत फार सोयीची होती. कायम अधिकाऱ्याला हटवायचे तर कारण द्यावे लागते, चौकशी बसवावी लागते, वर तो कोर्टात जातो. प्रभाऱ्याला हटवावे लागतच नाही. त्याची मुदत वाढवायला विसरले की काम होते. म्हणून प्रभारी माणूस पहिल्या घंटीला फोन उचलतो आणि सही कुठे करायची एवढेच विचारतो.

युरोपातून आलेल्या एका अहवालात या पद्धतीला ‘चिंताजनक’ म्हटले गेले. संसद चिंतेत पडली आणि तिने एका आठवड्यात कायदा केला: यापुढे सर्व नेमणुका एक स्वतंत्र नियुक्ती मंडळ करील. मंडळाला दुमजली इमारत मिळाली, गोल शिक्का मिळाला, कॉफी करायला स्तामेना मिळाली. अध्यक्ष तेवढा मिळाला नाही. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. तोवर मंडळाचे काम प्रभारी सचिव बघत होत्या. त्यांचे नाव मिलुंका ट्रिफुनोविच.

संदर्भ: दारावरची पाटी

मंडळाच्या नियमानुसार कायम अधिकाऱ्याच्या दारावर पितळेची पाटी लागते, चार स्क्रूंनी. प्रभाऱ्याच्या दारावर प्लास्टिकची खाच असते आणि तिच्यात कागद सरकवतात. मिलुंकाबाईंचा कागद आजवर बावीस वेळा बदलला होता. प्रत्येक वेळी त्यांनी तो स्वतःच टाइप केला होता.

पितळेची हौस म्हणून त्यांना पाटी हवी होती असे नाही. अकरा वर्षांत त्यांनी एकाही कागदाला ‘नाही’ म्हटले नव्हते. धरणावर मंत्र्यांचा साडू बसला, तेव्हा नाही. ग्रंथालयाला वाचता न येणारा उपसंचालक मिळाला, तेव्हाही नाही. दर वेळी त्या मनाशी म्हणत, एकदा कायम होऊ दे. कायम माणसाचे कोणी वाकडे करू शकत नाही. तेव्हा एकच नकार देईन, पण असा देईन की इमारत हलेल. कशाला द्यायचा हे ठरले नव्हते. तो त्यांनी ठेवणीतल्या कपबशीसारखा जपून ठेवला होता.

कायद्याचे कलम सहा म्हणत होते की अध्यक्ष नेमला गेल्यावर त्याचा पहिला आदेश सचिवाला कायम करण्याचा असेल. मिलुंकाबाई एकतीस मार्चला निवृत्त होणार होत्या. आता नोव्हेंबर चालू होता.

“या वेळी तरी सापडेल का हो बाई अध्यक्ष?” कॉफी ठेवता ठेवता स्तामेनाने विचारले.

“सापडायला हवा.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालात. त्याच्या मागच्या वेळीही. माझी सून बाळंत झाली, तो पोरगा आता चौथीत आहे.”

“स्तामेना, साखर जास्त झाली.”

“साखर मीच घालते, वर विचारून नाही,” स्तामेना म्हणाली. ती कायम होती.

जाहिरात

पाहिजे: स्वतंत्र नियुक्ती मंडळासाठी अध्यक्ष. पद कायम. अर्जदार कोणत्याही पक्षाला, मंत्र्याला वा उद्योगाला बांधलेला नसावा. अर्जदाराला चांगले ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची शिफारसपत्रे जोडावीत. या व्यक्तींचा अर्जदाराशी कोणताही संबंध नसावा.

निवड समिती तिघांची होती. अध्यक्षस्थानी मंत्रालयाचे प्रभारी राज्यसचिव ग्वोझ्देन शारेनात्स; अंगाने भरलेले, आवाजाने मऊ, सुट्टीच्या दिवशी रानडुकरांची शिकार करणारे. दुसरे एक प्रभारी कुलगुरू होते, त्यांना बैठकीत झोप लागे. तिसऱ्या मिलुंकाबाई.

“साहेब,” मिलुंकाबाई म्हणाल्या, “चांगला ओळखतो पण संबंध नाही, असा माणूस अर्जदाराने आणायचा कुठून?”

“तो अर्जदाराचा प्रश्न आहे, बाई. आपण फक्त पारदर्शक राहायचं.”

नमुना ब

स्वातंत्र्य मोजायचे कसे, हा प्रश्न समितीपुढे आला. पक्षाचे सदस्यत्व विचारून उपयोग नव्हता. लोक ते सकाळी सोडतात आणि संध्याकाळी परत घेतात. तेव्हा ग्वोझ्देनसाहेबांना एक खात्रीचे माप सुचले.

या देशात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी घरात स्लावा साजरी होते. स्लावेला आमंत्रण देत नाहीत. ज्याला यायचे तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवणे हा अपमान, पाहुण्याचा नव्हे तर संताचा. पाहुणा आत येतो, उकडलेल्या गोड गव्हाचा एक घास उभ्याउभ्या खातो, मग बसतो. कोण कोणाचा, हे कळायला याहून चांगला पुरावा नव्हता.

म्हणून ‘नमुना ब’ तयार झाला. गेल्या दहा वर्षांत मंत्री, राज्यसचिव, खासदार किंवा त्यांचे कुटुंबीय यांच्या घरी खाल्लेले घास: संख्या लिहावी. त्यांना आपल्या घरी दिलेले घास: संख्या लिहावी. प्रत्येक घासाला शंभरातून एक गुण वजा. पूर्वपरिचयाचे प्रत्येकी दहा गुण वजा. ऐंशीच्या खाली अपात्र.

एकूण चौदा अर्ज आले. एका प्राध्यापकांनी नमुना ब ला नऊ पाने जोडली. त्यांनी चाळीस वर्षे घटना शिकवली होती, आणि घटना मोडणारे सगळे त्यांच्याच वर्गात बसलेले होते. त्यांना उणे एकशे सहा गुण पडले. एका माजी राजदूताने ‘शून्य घास’ लिहिले. ग्वोझ्देनसाहेबांनी खिशातून फोन काढून मंत्र्यांच्या घरचा, राजदूताच्या तोंडात घास असलेला फोटो दाखवला. फोटोत शेजारी ग्वोझ्देनसाहेब होते, पण प्रश्न त्यांचा नव्हता.

गुणपत्रक क्रमांक सात

सातवा अर्ज न्यायाधीश येलिसावेता स्तोयकोविच यांचा होता. सत्तावीस वर्षे खंडपीठावर. त्या कोणाच्या स्लावेला जात नसत. पक्ष नाही, मेजवानी नाही, भाचा नाही. जिच्यासाठी हा कायदा केला असावा, अशी एकच बाई देशात होती आणि तिने अर्ज केला होता.

“पूर्वपरिचय,” ग्वोझ्देनसाहेब वाचू लागले. “पाच मंत्री.”

“तिने त्यांना तुरुंगात पाठवलं, साहेब.”

“म्हणजे ओळख आहे.”

“कोर्टातली.”

“महिनोन्‌महिने समोरासमोर बसून, बाई. माझी माझ्या मेव्हण्याशी एवढी ओळख नाही. पन्नास गुण वजा. आता घास. खाल्लेले शून्य, दिलेले पाच. हे काय?”

मिलुंकाबाईंनी खुलासा वाचून दाखवला. प्रत्येक खटल्याच्या वर्षी, न्यायाधीशबाईंच्या स्लावेला आरोपी मंत्र्याची बायको अक्रोडाचा केक घेऊन दारात उभी राहिली. परत पाठवता येत नाही. न्यायाधीशबाईंनी तिला एक घास दिला, बसा म्हटले नाही, केक हातात परत ठेवला, आणि पुढच्या सुनावणीत नवऱ्याला शिक्षा ठोठावली.

“दिलेला घास तो दिलेला,” ग्वोझ्देनसाहेब म्हणाले. “संताचं नाव घेऊन दिलेला. नियम मी एकट्यानं केला नाही, तुमचीही सही आहे. पंचेचाळीस गुण. अपात्र. लिहा.”

मिलुंकाबाईंची मुदत सतरा जानेवारीला संपत होती आणि वाढवण्याचा कागद ग्वोझ्देनसाहेबांच्या टेबलावर होता. त्यांनी लिहिले.

इतिवृत्त (मंजूर)

चौदाही उमेदवार अपात्र ठरल्याने समितीने पुढीलप्रमाणे विचार केला. देश लहान आहे. त्यात प्रत्येकजण कोणाला ना कोणाला ओळखतो. ओळख हेच परावलंबनाचे मूळ आहे. सबब, संपूर्ण स्वतंत्र माणूस म्हणजे ज्याला कोणी ओळखत नाही आणि जो कोणाला ओळखत नाही असा माणूस. समिती असा माणूस शोधील. कुलगुरूंनी मान हलवली; ती झोपेत हलली की जागेपणी, हे इतिवृत्तात नमूद नाही.

“असा माणूस असला तर आपल्याला कळणार कसा?” मिलुंकाबाईंनी विचारले.

“माझ्या ओळखीचा आहे एक,” ग्वोझ्देनसाहेब म्हणाले.

अर्ज क्रमांक पंधरा

वेलिझार पान्तिच, वय अठ्ठावन्न. पूर्व सीमेवरच्या डोंगरात हवामान केंद्राचा निरीक्षक. एकोणीस वर्षे तिथे एकटा. दिवसातून तीनदा वारा, पाऊस आणि तापमान लिहून खाली कळवतो. हिवाळ्यात रस्ता चार महिने बंद. त्याच्या संताचा दिवस डिसेंबरात येतो, तेव्हा तो गहू उकडतो आणि एकटाच खातो. अपवाद एक: शिकारीला गेलेले ग्वोझ्देनसाहेब एकदा बर्फात अडकून त्याच्या दारात पोचले होते, तेव्हा त्याने एक घास दिला होता.

“म्हणजे नव्व्याण्णव,” मिलुंकाबाई म्हणाल्या. “आणि तुमची ओळख धरली तर एकोणनव्वद.”

“शंभर,” ग्वोझ्देनसाहेब म्हणाले आणि प्रभारी महाधिवक्त्यांचे मत पुढे सरकवले. त्यात म्हटले होते: प्रभारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने त्या पदावर अद्याप आलेली नसते. सबब प्रभारी राज्यसचिवास दिलेला घास हा कोणत्याही राज्यसचिवास दिलेला घास ठरत नाही. त्याच्याशी असलेली ओळख ही कोणाशीही असलेली ओळख नव्हे.

मिलुंकाबाईंनी ते मत दोनदा वाचले. अकरा वर्षे आपण नेमक्या कोण होतो, हे त्यांना आज अधिकृतपणे कळत होते.

“शिफारसपत्रं दोन लागतात, साहेब.”

“आहेत की. एक राज्यसचिवाचं, एक शिकारी संघाच्या अध्यक्षाचं.”

“दोन्हीवर तुमचीच सही आहे.”

“पदं वेगळी आहेत.”

“आणि संबंध?”

“कसला संबंध, बाई? वर्षातून एकदा बघतो मी त्याला, तोही डुकराच्या पलीकडे.”

मुलाखत

रस्ता बंद असल्याने मुलाखत फोनवर झाली. वाऱ्याचा आवाज इतका होता की पहिले तीन प्रश्न समितीने स्वतःच उत्तरित धरले.

“पान्तिच, तुम्ही कोणाच्या दबावाखाली येता का?” ग्वोझ्देनसाहेबांनी विचारले.

“सध्या आठशे बारा मिलिबार आहे,” पलीकडून आवाज आला. “उतरतोय.”

“उत्तम. देशातल्या नेमणुकांबद्दल तुमचं काय मत?”

“माझं मत नाही हो काही. मला कोणी विचारलं नव्हतं. साहेब, एक विचारू का? मला खाली यावं लागेल?”

“मुळीच नाही. खाली आलात तर चार माणसं ओळखीची होतील. मंडळाचं स्वातंत्र्य धोक्यात येईल. कागद वर येतील, सही कुठे करायची तिथे पिवळी चिठ्ठी लावलेली असेल.”

“मग ठीक आहे,” वेलिझार म्हणाला. तो खरोखर भला माणूस होता. “माझ्या आधीच्या निरीक्षकाची शेगडी धूर करते, ती बदलून मिळाली असती तर.”

गुण: शंभर. मिलुंकाबाईंनी तिथेही सही केली. करताना त्या स्वतःशी म्हणाल्या, पितळ लागू दे, मग बघते.

पितळ

बर्फावरून चालणारी गाडी कागद घेऊन वर गेली आणि पाच दिवसांनी सह्या घेऊन खाली आली. पहिल्या आदेशाने मिलुंका ट्रिफुनोविच कायम झाल्या. दुसऱ्या आदेशाने चारशे अकरा प्रभारी अधिकाऱ्यांना आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. ती पूर्वीही मिळत असे, पण आता ती स्वतंत्रपणे मिळाली. युरोपातून अभिनंदनाचे पत्र आले. त्यात ‘लक्षणीय प्रगती’ असे शब्द होते.

सुताराने चार स्क्रू पिळले. मिलुंकाबाई दालनाबाहेर उभ्या राहून पाटी बघत होत्या. स्तामेना एप्रनला हात पुसत आली.

“तिरकी आहे,” ती म्हणाली.

“असू दे.”

“मग आता? म्हणणार का कोणाला नाही?”

“तुला कोणी सांगितलं?”

“अकरा वर्षं कॉफी देतेय, बाई. फोन ठेवला की तुम्ही पुटपुटता.”

अपील

निवृत्तीला अठरा दिवस उरले असताना न्यायाधीश स्तोयकोविच स्वतः आल्या. अंगात जुना राखी कोट, हातात चार पानांचे अपील. कायद्यानुसार अध्यक्षाच्या निवडीविरुद्धचे अपील कायम सचिव एकट्याने ऐकतो, आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. कायम सचिव कधी नव्हताच, म्हणून हे कलम आजवर कोणी वाचलेही नव्हते.

मिलुंकाबाईंनी चारही पाने वाचली. एकच माणूस दोन शिफारसपत्रांवर. दारात द्यावाच लागलेल्या घासाचे गुण वजा. शिक्षा ठोठावली हा परिचय. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. त्या समितीत बसलेल्या होत्या. बरोबर आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

“मी हे मंजूर केलं,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर पान्तिच यांची नेमणूक रद्द. ती रद्द झाली की त्यांनी मला कायम केलेलं रद्द. मग मी कायम नव्हतेच. मग मी अपील मंजूर केलंच कसं? म्हणजे तेही रद्द. फिरून तिथेच. मला काही करताच येत नाही, न्यायाधीशबाई.”

“कलम एकतीस वाचा.”

मिलुंकाबाईंनी वाचले. पदावर असताना दिलेला निर्णय, ते पद नंतर गेले तरी, टिकतो.

“निर्णय टिकेल,” येलिसावेता म्हणाल्या. “निवड पुन्हा होईल. पान्तिच आपलं वारं मोजतील, त्यांना तेच आवडतं. जाईल ती फक्त तुमची पाटी.”

“माझे अठरा दिवस राहिलेत.”

“माहीत आहे मला.”

“तुमची निवड होईलच असंही नाही.”

“नाही होणार बहुतेक. मी माझ्यासाठी आले असते तर केक आणला असता.” त्यांनी कोटाची बटणे लावली. “विनंती करायला आलेले नाही. अपिलात विनंती नसते, मुद्दे असतात. येते मी.”

निर्णय

त्या दिवशी मिलुंकाबाईंनी अपील समोर ठेवले आणि फोनकडे बघत बसल्या. आता ग्वोझ्देनसाहेबांचा फोन येणार. मऊ आवाजात म्हणणार, बाई, तेवढं ते निकालात काढा. आणि तेव्हा त्या म्हणणार होत्या. शब्द ओठांवर तयार होता.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का बघितले. चालू होती. आठवडाभर कोणी धमकावले नाही, सुचवले नाही, मंत्रालयातून कोणी खाकरलेसुद्धा नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळी मोकळीक होती. शेवटी त्यांनी स्वतःच फोन केला.

“साहेब, ते स्तोयकोविचबाईंचं अपील.”

“हां, ऐकलं मी काहीतरी,” ग्वोझ्देनसाहेब म्हणाले. “त्यात मी काय बोलणार, बाई? तुम्ही कायम आहात. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” आणि त्यांनी फोन ठेवला.

यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरे झाले असते. मिलुंकाबाईंनी खिडकी उघडली, बंद केली. दारापर्यंत गेल्या, पाटीवरून बोट फिरवले. तिरकी होती, पण थंड आणि जड होती. कागद कधी असा लागला नव्हता. मग त्या आत आल्या, गोल शिक्का काढला, आणि अकरा वर्षे सांभाळून ठेवलेला नकार न्यायाधीश येलिसावेता स्तोयकोविच यांच्या अपिलावर ठळक अक्षरात लिहिला: नामंजूर.

कॉफी घेऊन आलेल्या स्तामेनाने तो वाचला.

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

स्तामेनाने कपबशी खाली ठेवली नाही. मग म्हणाली, “तुम्ही कायम झालात, बाई,” आणि कॉफी परत घेऊन गेली.

जाहीर सूचना

स्वतंत्र नियुक्ती मंडळाने अध्यक्षाच्या निवडीविरुद्धचे अपील नामंजूर केले आहे. सदर निर्णयाचा संपूर्ण वृत्तांत नागरिकांच्या माहितीसाठी वरीलप्रमाणे खुला करण्यात येत आहे.

या निर्णयास कोणाही व्यक्तीस हरकत घेता येईल. हरकतीसोबत आपले नाव, पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि आपल्या वरिष्ठांचे नाव द्यावे. हरकत घेण्यासाठी कायम असण्याची अट नाही.

आजपर्यंत वाचणारे: चार लाख नऊ हजार. त्यांपैकी मान हलवणारे: जवळपास सर्व. ‘काय हे लोक’ असे म्हणणारे: जवळपास सर्व. हरकती: शून्य.

ज्यांनी ही सूचना शेवटपर्यंत वाचली आणि हरकत घेतली नाही, त्यांची संमती नोंदवण्यात आली आहे. ही सूचना इथे संपते.